दप्तरी आबांचं टिंब

दप्तरी आबांनी सबंध नोकरीत एकाही पेशंटला नावानं हाक मारली नाही. खिडकीतून मान बाहेर काढायचे, व्हरांड्यातल्या रांगेकडे बघायचे आणि म्हणायचे, "कार्ला, या." नाहीतर, "औंढे, या." एका गावची दोन माणसं असली तर, "कार्ल्याच्या मावशी, तुमी या. भाऊ, तुमी बसा जरा." कार्ल्याच्या मावशी मुकाट्यानं उठायच्या. मी नवी होते तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला नावं लक्षात राहत नसतील आणि ते झाकायला ही युक्ती केली असेल. माणसाबद्दल चुकीचं मत करून घ्यायला मला तेव्हा फार वेळ लागत नसे.

आमचा दवाखाना वलवणच्या अलीकडे एका टेकाडावर होता. पाटीवर क्षयरोग असा शब्द होता, पण लोक त्याला छातीचा दवाखाना म्हणत. ज्याला टीबी झाला त्याचा पेला वेगळा, ताट वेगळं, आणि बाईमाणूस असली तर घरच वेगळं, असे ते दिवस. सुई आणि गोळ्या आल्या होत्या, माणसं बरी होत होती, पण दीड-दोन वर्षं न चुकता औषध घ्यायला लागायचं. महिन्याच्या महिन्याला मावळातल्या वाड्यावस्त्यांवरून माणूस इथं यायचा आणि त्या व्हरांड्यात शेजारच्या गावचं कुणी भेटलं तर त्याच्या काळजाचं पाणी व्हायचं. तिथं नाव पुकारलं म्हणजे त्या संध्याकाळी गावभर झालंच. म्हणून आबा नाव घेत नसत. हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला कळायला वर्ष गेलं.

आबा मराठी सातवी पास. धोतर, काळा कोट, टोपी, आणि टोपीच्या कडेला अडकवलेली दोन बोटं उरलेली पेन्सिल. दवाखान्याची बारा जाडजूड रजिस्टरं त्यांच्या ताब्यात. त्यांना ते 'बुकं' म्हणत. मी लोणावळ्याच्या बाजारपेठेतली, मॅट्रिक झालेली, बावीस वर्षांची, त्यांच्या हाताखालची नवी कारकून. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला माज होता. आबांचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक. मी एकदा म्हटलंही, "आबा, जरा मोठं लिहीत जा हो." ते म्हणाले, "बाई, लांबनं कुनाला वाचता येऊ नये म्हून तर बारीक." मी हसले होते.

आता टिंबाचं सांगते. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं. बुकात काही नावांच्या आधी पेन्सिलीचं बारीक टिंब असायचं. त्याचा अर्थ, या पेशंटच्या घरी आजार माहीत नाही. पेशंट महिना चुकला तर इतरांना आबा पोस्टकार्ड टाकत, या लोकांना नाही. खेड्यात पोस्टकार्ड म्हणजे चावडीवरची दवंडीच. पोस्टमन ते ओट्यावर उभा राहून मोठ्यानं वाचून दाखवणार. टिंबवाल्याकडे आबा माणूस पाठवत. कुणाची आत्या, कुणाची कासारीण, कुणाचा मेंढरं घेऊन जाणारा मामा. "टिंब म्हंजी पत्र न्हाई, मानूस," असं त्यांनी मला फार उशिरा सांगितलं.

त्यातलीच एक तिकोणा पेठेची. नाव मी इथं लिहिणार नाही, का ते शेवटी कळेल. सोळा-सतराची असताना भावाबरोबर आली ती हाडांचा सापळा होऊन. वर्षभरात अंगावर मांस आलं, थुंकी स्वच्छ झाली, आणि घरच्यांनी सोमाटण्याच्या बाजूला तिचं लग्न ठरवलं. सासरी काही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता तिच्यापासून कुणाला धोका नाही, पण गोळ्या अजून वर्ष-दीड वर्ष चालू ठेवायलाच हव्यात. सासरहून दर महिन्याला यायचं कसं? तेव्हा आबांनी आपल्या बायकोला, आमच्या काकूंना, तिची मावशी केलं; हेही मला फार नंतर कळलं. वलवणला मावशी आजारी असते, तिला बघायला जाते, असं सांगून ती एस.टी.नं यायची, काकूंच्या चुलीपाशी घटकाभर बसायची, गोळ्या लुगड्याच्या ओच्यात बांधून परत जायची. एकदा आली नाही, तर काकू स्वतः लाडवांचा डबा घेऊन तिच्या सासरी जाऊन आल्या. लाडवांच्या खाली गोळ्या. आज कुणी म्हणेल, ही फसवणूक झाली. असेल. पण खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं तेही पुढं दिसलंच.

मग पुण्याहून नवे डॉक्टर आले आणि त्यांच्याबरोबर कार्डं आली. लोखंडी कपाट, त्याला खण, खणात महिन्यावार कप्पे. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड. पेशंट येऊन गेला की कार्ड पुढच्या महिन्याच्या कप्प्यात. जो आला नाही त्याचं कार्ड मागच्या कप्प्यात तसंच उभं. डॉक्टर म्हणाले, "बुकात न आलेला माणूस शोधावा लागतो. कार्डात तो आपणहून दिसतो." बोलणं खरं होतं. आबांनीही मान डोलावली. पण बारा बुकांतली माणसं कार्डांवर उतरवायला डॉक्टर आठ दिवस दवाखाना बंद ठेवणार होते. आबा खुर्चीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, सुई आठ दिस ऱ्हायली तर रोग आठ दिस ऱ्हाईल का?" डॉक्टरांनी विचारलं, मग तुम्ही कसं कराल? "चालत्या गाडीतनं सामान हलवायचं. गाडी थांबवायची न्हाई."

आणि तसंच केलं. जो पेशंट खिडकीशी येईल त्याचं कार्ड तिथल्या तिथं करायचं. जे महिन्यानं येणार त्यांची कार्डं दुपारच्या मोकळ्या वेळात बुकावरून उतरवायची. आणि तीन महिने दोन्हीकडे लिहायचं. सुई दिली, बुकात मांडली, कार्डावरही मांडली. माझा हात मोडून यायचा. मी कुरकुरले की आबा म्हणत, "नवं घर गळतंय का न्हाई ते बघंस्तवर जुन्याचं कूड पाडू नये, बाई." रोज चार वाजता मेळ घ्यायचा. ते बुक वाचणार, मी कार्ड बघणार. नंबर वाचायचे, गाव वाचायचे, वजन, तारीख, गोळ्या. नाव आलं की वाचणं थांबायचं. बुक माझ्यापुढं सरकवून त्यावर नुसतं बोट ठेवायचे. खोलीत आम्ही दोघंच असायचो, तरीसुद्धा. जुळलं की मी कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची.

त्या बोटाशेजारी मला टिंब दिसलं. एकदा, दोनदा, पाचदा. मी विचारलं, "आबा, हे टिंब कसलं?"

"कशाचं न्हाई. पेन्सिल टेकली आसंल," ते म्हणाले आणि पान उलटलं. संध्याकाळी मी गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं साठ-पासष्ट कार्डांच्या कोपऱ्यात तसंच टिंब दिलं. माझ्या खुणेच्या शेजारी. ज्या गोष्टीवर साठ घरं उभी होती ती त्यांनी जिवापाड जपली होती, आणि जपायची म्हणून शेजारी बसणाऱ्या माणसालाही सांगितली नव्हती. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. आपलं आपण तोंड उघडलं की ते उघडंच राहतं, असा त्यांचा स्वभाव.

शेवटी बुकं बंद करून नुसत्या कार्डांवर यायचा दिवस आबांनी नेमला तो फाल्गुनातल्या अवसेचा. कंपाउंडर म्हणाले, "आबा, नवं काम अवसेला?" आबा म्हणाले, "अवसेला डोंगरातलं मानूस घर सोडीत न्हाई. रांग न्हाई त्यो दिस आपला." आणि खरंच, त्या दुपारी खिडकी दोन तास बंद ठेवली, बाहेर एक म्हातारा तेवढा थांबला होता, त्याला आबांनी आत बोलावून चहा दिला. बारा बुकांतला शेवटचा आकडा जुळला. डॉक्टरांना बुकं रद्दीत काढायची होती. आबा म्हणाले, "वरीसभर माळ्यावर राहू द्या." एवढी माणसं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेली आणि एकाची सुई चुकली नाही. मी घरी जाऊन आईला सांगितलं, आमच्यासारखं काम सबंध जिल्ह्यात कुणी केलं नसेल. मी अशीच होते.

कार्डं चालू झाल्यावर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मागच्या कप्प्यातली कार्डं मी काढायची आणि आबांपुढं ठेवायची. ते कोपरे बघत गठ्ठा चाळायचे, पाच-सात कार्डं उचलून म्हणायचे, "ही मी बघतो." उरलेल्यांना मी पोस्टकार्डं लिहायची. असं तीन महिने बिनबोभाट चाललं.

ज्येष्ठात आबांच्या लेकीचं बाळंतपण आलं. काकूंना जुन्नरकडे लेकीच्या घरी पोचवायला आबांनी चार दिवस रजा घेतली. त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, पुण्याहून साहेब कार्डं बघायला येणार आहेत. मी खण उघडले आणि माझी मलाच लाज वाटली. इतक्या सुंदर अक्षरातली कार्डं, आणि कोपऱ्याकोपऱ्यात पेन्सिलीच्या खुणा. मेळ तर कधीच झाला होता. मी खोडरबर घेतलं आणि दोन दुपारी बसून एकूण एक कार्ड पुसून काढलं. खुणा गेल्या. शेजारी कुठं पेन्सिल टेकल्यासारखं दिसलं तेही गेलं. साहेब आले, खण उघडून बघितले, म्हणाले, "अक्षर कुणाचं?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका आनंद.

आषाढातल्या सोमवारी गठ्ठ्यात मोजकीच कार्डं होती, ती मुळातच बिनटिंबाची. त्याच महिन्यात भाताची लावणी. लावणीच्या दिवसांत सुनेला मावशीकडे कोण सोडतं? पेठेची आली नाही. काकू जुन्नरलाच होत्या, तेव्हा तिच्याकडे जाणारंही कुणी नव्हतं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी गठ्ठा आबांपुढं ठेवला. पावसामुळं त्या महिन्यात न आलेले खूप होते. आबांनी चष्मा पुसला आणि कोपरे बघत सगळा गठ्ठा चाळला. कार्डावर तिचं लग्नानंतरचं नाव होतं आणि वर सासरचं गाव. त्यांच्या मनात ती अजून तिकोणा पेठच होती. एकही कार्ड न उचलता त्यांनी गठ्ठा मला परत दिला. "ह्या महिन्याला माझं कुनी न्हाई वाटतं," असं म्हणाले, मला चांगलं आठवतं. मी लिहायला बसले. 'आपण क्षयरोगाच्या औषधासाठी या महिन्यात आला नाहीत. औषध सोडल्यास रोग उलटतो. त्वरित यावे.' माझं अक्षर इतकं स्वच्छ होतं की पोस्टमनला कुठं अडखळावं लागलं नसणार.

पंधरा दिवसांनी तिचा भाऊ खिडकीशी आला. रांगेत उभा राहिला नाही, सरळ पुढं आला. पावसानं भिजलेला होता.

"आबा, कारड आलं हुतं."

"कुटं?"

"सोमाटन्याकडं, तिच्या सासरी. पोस्टमननं ओट्यावर वाचलं. समदी वाडी ऐकत व्हती. सासू म्हनली, पोर हितं ठेव आन तू चालती हो. चार म्हयन्याचं पोर, आबा. अंगावर पितं."

आबांनी गोळ्यांची पुडी बांधून पुढं केली. भावानं हात मागे घेतला. "न्हाई घेत ती. म्हनती, बरी हून कुटं जायाचं?"

तो गेल्यावर आबांनी कपाटातून तिचं कार्ड काढलं आणि खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. पेन्सिल गेली होती, पण टिंबाची खळी कागदात तशीच होती. मग त्यांनी दुसरं कार्ड काढलं, तिसरं काढलं. मी समोर उभी. "आबा, मी पुसलं," मी म्हटलं. "मला वाटलं मेळाच्या खुणा." टिंब म्हणजे काय ते त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं, उभ्या उभ्या, चार वाक्यांत. मी रडायला लागले तर म्हणाले, "रबर तुमचं, पन न सांगनं माझं. आन गठ्ठा चाळला त्यो ह्याच हातानं." लगेच त्यांनी माळ्यावरची बाराच्या बारा बुकं खाली काढली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कार्डांना पुन्हा टिंबं दिली. त्या महिन्यात टिंबाची आणखी दोन पत्रं गेली होती. एक वाटेत हरवलं आणि एक पेशंटच्याच हाती पडलं. तेवढं नशीब.

डॉक्टरांनी चौकशी केली. पोस्टकार्ड माझ्या हातचं होतं. आबा म्हणाले, "गठ्ठा मी दिला, त्यांनी लिवलं. त्यांना ठावं न्हवतं." रबराचं नाव त्यांनी काढलं नाही. मी तिथंच, दोन हातांवर उभी होते. मी गप्प बसले. नोकरी जाईल ही भीती होती, वडील अंथरुणाला खिळलेले होते, हे सगळं खरं आहे, आणि तरी मी गप्प बसले ते बसलेच. निवृत्तीला वर्ष राहिलेल्या माणसाच्या सर्व्हिस बुकात ठपका लिहिला गेला. त्यांनी त्यावर सही केली आणि पेन्सिल टोपीत अडकवून खिडकीवर जाऊन बसले.

त्यानंतर दर रविवारी आबा कामशेतपर्यंत गाडीनं आणि पुढं पायी तिकोणा पेठेला जायचे, गोळ्या घेऊन. एका रविवारी मी बरोबर गेले. वाटेत आबा दोनच वाक्यं बोलले, दोन्ही चिखल जपून ओलांडण्याबद्दल. ती अंगणात उन्हाला बसली होती, भिंतीला टेकून. पहिल्यांदा आली होती तेव्हासारखी पुन्हा गालफडं दिसायला लागली होती. आबांनी पुडी तिच्यापुढं ठेवली. तिनं पुडीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"आबा, तुमी म्हनला व्हता, कागुद घरी यायाचा न्हाई."

"व्हय. म्हनलो व्हतो."

"मग?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना मी टोपीशिवाय तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी सांगायला हवं होतं, की मी पुसलं, मी लिहिलं. मी पायांचा चिखल निपटत राहिले. शेवटी तिनंच, म्हाताऱ्या माणसाची अवस्था बघवेना म्हणून असेल, एक गोळी घेतली आणि पाण्याबरोबर गिळली. परत येताना आबा म्हणाले, "एक घेतली. पुढल्या खेपंला दोन घील." पण रविवारची गोळी ती आबांसाठी घ्यायची आणि बाकीचे सहा दिवस पुडी वळचणीला खोचलेली असायची, हे तिच्या वहिनीनं मला हळूच सांगितलं होतं. मी ते आबांना सांगितलं नाही. तेही लपवलं.

त्या हिवाळ्यात रोग उलटला. मग सुईचा गुण येईना. माघ सरता सरता ती गेली. पोर शेवटपर्यंत तिला दाखवलं नाही. भाऊ निरोप घेऊन आला तेव्हा आबांनी कार्ड काढून शेवटच्या रकान्यात लिहिलं, तारीख घातली आणि कार्ड तळच्या खणात ठेवलं. मग खिडकीतून बाहेर बघून रोजच्या आवाजात म्हणाले, "औंढे, या." त्या दिवशीचा मेळ त्यांनी मला एकटीला घ्यायला लावला. अंकच दिसत नाहीत म्हणाले.

पुढच्या श्रावणात आबांची नोकरी संपली. निरोपाचा हार, नारळ, डॉक्टरांचं भाषण, सगळं सकाळी उरकलं. दुपारी एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, आबांनी खिडकी लावून घेतली, खोलीच्या दाराला कडी घातली आणि मला म्हणाले, "बाई, बसा. लिवू नका. ध्यान द्या." त्यांनी खणांतून टिंबाची कार्डं एकेक करून काढली आणि माझ्यापुढं ठेवली. आणि प्रत्येकाचं नाव घेतलं. संपूर्ण नाव, तोंडानं, हळू आवाजात. घरात कुणाला माहीत आहे, कुणाला नाही. निरोप कुणाकडून द्यायचा. कुणाचा नवरा चांगला आहे पण दीर तोंडाळ. कुणाच्या घरी जायचं तर बांगड्यांच्या निमित्तानं. इतकी वर्षं ज्या तोंडातून मी एकही नाव ऐकलं नव्हतं त्यातून नावामागून नाव येत होतं. बावीस वर्षांत जे जपलं ते सगळं त्या तासाभरात त्यांनी मला दिलं. मी, जिनं ते एकदा पुसलं होतं, तिला.

शेवटचं कार्ड त्यांनी कोटाच्या खिशातून काढलं. तळच्या खणातलं. त्यांनी तिचं माहेरचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आणि थांबले. इतका वेळ प्रत्येक नावापुढं मी जे विचारत होते तेच सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "निरोप कुणाकडे?"

"आता कुनाकडंच न्हाई," आबा म्हणाले. "तरी ध्यानात ठेवा."

दोन वाजले. आबा उठले, काळा कोट हातावर टाकला आणि मागच्या दारानं टेकाड उतरून गेले. मी खिडकी उघडली. व्हरांड्यात सात-आठ माणसं होती. पुढं डोक्यावरून पदर ओढून एक कोवळी पोर उभी होती. कार्ड हातात होतं, नाव समोर होतं.

मी मान बाहेर काढली आणि म्हटलं, "तिकोणा पेठ, या."